डफरिन, डीएमईटी आणि आजोबांची नळी

गुहागरची_पोर

मे महिन्यात गावच्या घराची कौलं चाळायला माणसं आली होती. माळा रिकामा करताना पत्र्याची एक नळी खाली आली. वीत-दीड वीत लांब, एका बाजूचं झाकण गंजून बसलेलं. मी ती भंगाराच्या ढिगात टाकणार एवढ्यात आई ओरडली, "अगं, आजोबांची नळी ती!"

ज्यांच्या घरात कुणी बोटीवर नव्हतं त्यांच्यासाठी सांगते. जहाजावरच्या माणसाच्या नोकरीच्या नोंदीचे कागद, म्हणजे आताचं सीडीसी, पूर्वी अशा पत्र्याच्या नळीत जपून ठेवत. पुढे त्या कागदांनाच नळी म्हणायला लागले. "आजोबांनी नळी काढली" म्हणजे आजोबा बोटीवर लागले.

झाकण कसंबसं निघालं. कागदांना कसर लागलीय, कंपनीचं नाव ओलीत गेलंय. हुद्दा मात्र वाचता येतो: आगवाला, म्हणजे बॉयलरची भट्टी पेटती ठेवणारा. पहिली नोंद १९३४ ची.

योगायोग असा की माझ्या भाच्याला याच वर्षी मरीन इंजिनियरिंगला प्रवेश मिळालाय. त्याने विचारलं, "मावशी, पणजोबा कुठल्या कॉलेजात शिकले?" सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न पुरून उरला. शोधलं तेव्हा कळलं की मुंबई बंदरात 'डफरिन' नावाच्या जहाजावर १९२७ पासून शाळा होती. म्हणजे आजोबा बॉयलरमध्ये कोळसा ओढत होते तेव्हा त्याच पाण्यात शाळा उभी होती! मग तिथे कोण शिकायचं? इंजिनाचं काम शिकवायचे का? आणि आता डीएमईटी, मेरी, चाणक्य, आयएमयू अशी जी नावं कानावर येतात, त्यांचं एकमेकांशी नातं काय? जाणकारांनी लिहावं. घाईत दोन ओळी नकोत, वेळ काढून लिहा.

खाडीकर

वाचतोय. वडील आम्हाला माझगावला नेऊन दाखवायचे, "ती बघ पाण्यावरची शाळा." आम्हाला वाटायचं, मुलं पळून जाऊ नयेत म्हणून समुद्रात ठेवलीय.

बडा_साब

ताई, वेळ काढून लिहा म्हणालात, आता भोगा. मी डीएमईटीचा, म्हणजे इंजिनवाला. चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त होऊन आता तुळशीला पाणी घालतो.

डफरिनची गोष्ट जहाजापासून नाही, असेंब्लीपासून सुरू होते. हिंदुस्थानचा व्यापार समुद्रावरून चालायचा, पण जहाजं विलायती आणि त्यावरचे अधिकारीही विलायती. आपली माणसं फक्त खलाशी. १९१९ साली वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी सिंदिया कंपनी काढली आणि त्याच वर्षी ५ एप्रिलला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. त्या तारखेला आपण आजही राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. जहाज देशी झालं, पण त्याच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या जागी, उभा राहणारा माणूस देशी कुठून आणायचा? परवाना असलेला हिंदी अधिकारी तयार करणारी सोयच इथे नव्हती.

सर शिवस्वामी अय्यर यांनी हा विषय कायदेमंडळात लावून धरला. १९२३ मध्ये सरकारने समिती नेमली. अध्यक्ष रॉयल इंडियन मरीनचे कॅप्टन हेडलॅम, सदस्यांत लल्लूभाई सामळदास. १९२४ च्या अहवालात त्यांनी दोन मोठ्या गोष्टी मागितल्या. एक, किनाऱ्यावरचा व्यापार हळूहळू हिंदी जहाजांसाठी राखून ठेवा. दुसरी, मुंबईत प्रशिक्षण जहाज द्या. सरकारने पहिली गोष्ट बासनात गुंडाळली आणि दुसरी दिली. म्हणजे पोहायला शिकवणार, पण विहीर आमचीच.

जहाजही नवं दिलं नाही. डफरिन हे इंग्लंडमध्ये बॅरो-इन-फर्नेसला विकर्सच्या गोदीत १९०४ साली पाण्यात सोडलेलं सैन्यवाहू जहाज. पहिल्या महायुद्धात तांबड्या समुद्रात फिरून आलेलं. नोकरी संपलेल्या या म्हातारीला माझगावसमोर नांगरून तिच्यात वर्ग आणि मुलांची राहण्याची सोय केली. डिसेंबर १९२७ मध्ये पहिली तुकडी आली. कॅप्टन सुपरिंटेंडेंट होते कॅप्टन डिग्बी-बेस्ट. तीन वर्षांचा अभ्यास, मग उमेदवारी म्हणून प्रत्यक्ष समुद्रावर, मग सेकंड मेटची, म्हणजे डेकवरच्या अधिकाऱ्याची, परीक्षा.

पहिल्या तुकडीत रामदास कटारी नावाचा मुलगा होता. १९५८ मध्ये तो भारतीय नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. व्यापारी जहाजांसाठी काढलेल्या शाळेतून नौदलाला ॲडमिरल मिळाला!

आता तुमचा मुख्य प्रश्न. इंजिनाचं शिक्षण तिथे सुरुवातीला नव्हतंच. पहिली आठ वर्षं डफरिनवर फक्त डेकवाले, म्हणजे मालम (जहाज हाकणारे अधिकारी) व्हायला निघालेली मुलं. इंजिनियरिंगचे कॅडेट घ्यायला लागले १९३५ मध्ये. तुमचे आजोबा १९३४ ला आगवाला झाले. शाळेला इंजिन आठवलं त्याच्या वर्षभर आधी.

रिकामटेकडा

ते शेवटचं वाक्य वाचून चहा थंड झाला.

गलबत

बडा साब, एक गंमत सांगतो. 'लॉयल्टी' हे जहाज मूळचं 'एम्प्रेस ऑफ इंडिया', कॅनेडियन पॅसिफिकचं. महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी ते इस्पितळ-जहाज म्हणून घेतलं, त्यांच्याकडून आपल्या मंडळींनी विकत घेतलं आणि म्हणून कंपनीचं नाव सिंदिया. ते बांधलं होतं बॅरोलाच. तीच गोदी पुढे विकर्सकडे गेली. म्हणजे स्वदेशी जहाजवाहतुकीचं पहिलं जहाज आणि पहिली शाळा, दोघींचं माहेर एक. लॉयल्टी बिचारी १९२३ ला मोडीत निघाली, डफरिन १९७२ पर्यंत टिकली.

शंकासूर

सगळं छान आहे, पण आपण नेहमीप्रमाणे साहेबांच्या शाळेचे गोडवे गायला बसलोय असं वाटतं. डफरिनवर पोरगा पाठवायचा तर इंग्रजी हवं, फी भरायची ऐपत हवी, ओळख हवी. गुहागर, दापोली, राजापूरचा पोरगा नळी काढून खलाशी व्हायचा, त्याचं काय? शतकभर इंग्रजांच्या आगबोटी या लोकांच्या जिवावर चालल्या. त्यांना कुणी शाळा काढून दिली?

बडा_साब

शंकासूर, तुमचा राग बरोबर आहे, फक्त पत्ता चुकला. डफरिन ही खलाशांच्या विरोधात काढलेली शाळा नव्हती. 'हिंदी माणूस अधिकारी होऊ शकत नाही' या समजुतीच्या विरोधात काढलेली होती. आणि पास होऊन बाहेर पडलेल्या पोरांना बड्या विलायती कंपन्या दारात उभं करत नसत. सिंदियासारख्या देशी कंपन्या होत्या म्हणून त्यांचा निभाव लागला. फी मात्र होती, आणि ती सामान्य घराला परवडणारी नव्हती, हे मान्य.

कुडकार

हांव गोंयचो. मराठीत लिहितो, सांभाळून घ्या.

खलाशांची शाळा होती. तिचं नाव होतं सारंग. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग कसाब, सुकाणी, खलाशी. इंजिनातही वेगळा सारंग, त्याच्याखाली तेलवाला, आगवाला, कोळसेवाला. सलूनमध्ये आमचे गोंयकार, बटलर आणि भंडारी. ज्याने भरती केली तोच शिकवणार, तोच शिव्या देणार, आणि बऱ्याचदा तोच पगारातला वाटा काढणार. मुंबईत धोबीतलावला आमच्या गावागावांची 'कुडं' होती. बोट मिळेपर्यंत तिथे पेटी ठेवून पडून राहायचं. आजोबा सांगायचे की अर्धं शिक्षण कुडातच व्हायचं. कुठल्या बोटीचा मालम कसा, कुठल्या बंदरात काय जपायचं, सगळं तिथेच. सर्टिफिकेट नाही, पण नापास झालास तर पुढची बोट नाही.

ताई, आणखी एक. मुंबईच्या बोटींवर कोकणातली माणसं मुख्यतः डेकवर असत. इंजिनात पठाण, पंजाबी जास्त. गुहागरचा आगवाला म्हणजे तुमचे आजोबा जरा वेगळ्या वाटेने गेलेले दिसतात. घरात कुणाला कारण माहीत आहे का?

गुहागरची_पोर

कुडकार, आईला विचारलं. ती म्हणते, मामा आधीपासून इंजिनात होते, त्यांनी ओढलं. आजोबांना उकाड्याचं काही वाटत नसे म्हणे. बारशाला, लग्नाला कुठेही असोत, चुलीपाशी जाऊन बसायचे आणि बायकांना सांगायचे, "लाकडं अशी नाही, अशी सरकव." लहानपणी आम्हाला तो आगाऊपणा वाटायचा.

बडा_साब

आगाऊपणा नाही, ताई. तो त्यांचा व्यवसाय होता. मी स्वतः कोळशाच्या बोटीवर काम केलेलं नाही, पण मला शिकवणारे जुने लोक त्यातून आलेले होते.

कोळशाची भट्टी पेटवणं म्हणजे फावड्याने कोळसा फेकणं नव्हे. थर सगळीकडे सारखा हवा. कुठे पातळ झाला तर तिथून थंड हवा आत घुसते आणि वाफ पडते. जाड झाला तर खालून हवा मिळत नाही, धूर होतो आणि कोळसा फुकट जातो. दार उघडं ठेवायचं ते मोजून, कारण प्रत्येक क्षणाला भट्टी थंड होते. जाळीवर राख वितळून खंगर धरतो, तो लांब सळईने फोडून ओढून काढायचा, आणि तेही एका भट्टीचं काम चालू असताना बाकीच्या भट्ट्यांची वाफ न पडू देता. मग राख वर चढवून समुद्रात टाकायची. चार तास पाळी, आठ तास विश्रांती, परत चार तास. तांबड्या समुद्रात बॉयलर-रूममध्ये उष्म्याने माणसं कोसळत.

हे ज्ञान पुस्तकात एका परिच्छेदात येतं. हातात यायला वर्षं लागतात. आम्ही बॉयलरची कार्यक्षमता गणिताने काढायचो, आजोबा ती आगीच्या रंगावरून सांगत असणार. डिझेल आल्यावर आगवाला हा हुद्दाच उडाला, तेलवाला राहिला.

मालम_७८

मी राजेंद्रचा, म्हणजे डेकवाला. बडा साबनी इंजिनाकडे वळण घेतलंच आहे, तर मधली साखळी जोडतो, नाहीतर ताईंचा भाचा गोंधळेल.

डफरिन निवृत्त झाल्यावर १९७२ पासून 'राजेंद्र' हे प्रशिक्षण जहाज आलं. ते १९९३ पर्यंत चाललं. मग जहाजच नको म्हणून नेरुळजवळ करावे इथे खाडीकिनारी 'चाणक्य' ही जमिनीवरची अकादमी झाली. नाव मात्र टी. एस. चाणक्य, म्हणजे ट्रेनिंग शिप! भिंती आहेत, बाग आहे, शिप नाही. आम्ही राजेंद्रवाले चाणक्यवाल्यांना यावरून अजून छळतो.

तिकडे १९४८ मध्ये मुंबईत नॉटिकल अँड इंजिनियरिंग कॉलेज निघालं. त्याला पुढे लालबहादूर शास्त्रींचं नाव दिलं. ते नवख्यांसाठी नाही. समुद्रावर जाऊन आलेला अधिकारी पुढच्या तिकिटाच्या परीक्षेआधी तिथे येतो. तिकीट म्हणजे सक्षमतेचा परवाना, रेल्वेचं नव्हे. हे कॉलेज शिवडीला हे बंदर रस्त्यावर आहे. नव्या मुलांना पत्ता सांगताना दरवेळी तोच विनोद होतो. "कुठलं बंदर?" "हे बंदर." "हे म्हणजे कुठलं?" मूळ शब्द इंग्रजी, वाळलेल्या गवताचं बंदर. आता समोर चिखलात रोहित पक्षी येतात.

शंकासूर

चाणक्याचा आणि समुद्राचा संबंध काय? पाटलीपुत्राहून समुद्र किती लांब!

गलबत

अर्थशास्त्रात नावध्यक्ष या अधिकाऱ्यावर अख्खं प्रकरण आहे. बंदराचे कर, वादळात सापडलेल्या जहाजाला सूट, कोळ्यांकडून घ्यायचा हिस्सा, सगळं. नाव ठेवणाऱ्याने ते वाचलं होतं की नाही, त्याच्याशी मला देणंघेणं नाही.

बडा_साब

आता डीएमईटी. भाच्याला हे वाचायला लावा.

स्वातंत्र्यानंतर लक्षात आलं की एकाच जहाजावर डेक आणि इंजिन दोन्ही शिकवणं जमत नाही. इंजिनियरला लेथ लागतं, फाउंड्री लागते, खरं जहाज दुरुस्तीला आलेलं पाहायला लागतं. नांगरलेल्या जहाजात हे कुठून आणणार? म्हणून १९४९ ला डायरेक्टोरेट ऑफ मरीन इंजिनियरिंग ट्रेनिंग सुरू झालं, कलकत्ता आणि मुंबई दोन्हीकडे. डफरिन परत निव्वळ डेकवाल्यांची झाली. कलकत्त्याला तारातलाची स्वतःची जागा १९५३ ला झाली.

अभ्यास चार वर्षांचा, आणि त्यातला मोठा भाग गोद्यांमध्ये आणि कारखान्यांत. सकाळी बॉयलर सूट, दुपारी वर्ग, संध्याकाळी डोळे मिटतात. लोक आता विचारतात, "डीएमईटीत काय विशेष होतं?" कानशी! पहिले कित्येक आठवडे एक लोखंडी ठोकळा आणि कानस. सहाही बाजू सपाट आणि काटकोनात आणायच्या. मास्तर गुण्या लावून उजेडाकडे धरायचे, फटीतून उजेड दिसला की ठोकळा परत. सपाटी पाहायला पृष्ठपाटीवर, म्हणजे अगदी सपाट लोखंडी पाटावर, निळा रंग लावून त्यावर ठोकळा घासायचा. रंग ठिपक्याठिपक्यांनी सगळीकडे उमटला पाहिजे, एकाच कोपऱ्यात उमटला तर उद्या परत. माझा ठोकळा बनता बनता इतका छोटा झाला की मास्तर म्हणाले, "आता याचा फासा कर, सापशिडी खेळू."

हसू येतं, पण त्याच हातांनी पुढे भर समुद्रात बेअरिंग खरवडून बसवलं. इंजिन बंद, जहाज लाटांवर आडवं, कॅप्टन दर दहा मिनिटांनी फोन करतोय. तिथे ठोकळा आठवतो.

डीएमईटीचं नाव १९९४ मध्ये मेरी झालं, म्हणजे मरीन इंजिनियरिंग अँड रिसर्च इन्स्टिट्यूट. १४ नोव्हेंबर २००८ ला इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी स्थापन झाली, मुख्यालय चेन्नईला. चाणक्य, लालबहादूर शास्त्री, मेरी मुंबई, मेरी कोलकाता ही सगळी भावंडं तिच्या छत्राखाली गेली. आता पाट्यांवर आयएमयू लिहिलेलं असतं, पण जहाजावर कुणी 'तू कुठला?' विचारलं तर म्हातारे अजून डीएमईटीच म्हणतात.

वरदा_पुणे

माझी लेक सध्या याच कोर्सला आहे, म्हणून लिहिते. १९२७ पासून जवळजवळ सत्तर वर्षं या शाळांच्या आठवणींत मुलगी कुठे दिसतच नाही. सोनाली बॅनर्जी १९९९ मध्ये मेरी कोलकात्यातून उत्तीर्ण झाल्या, भारतातल्या पहिल्या महिला मरीन इंजिनियर. दीड हजार मुलांत त्या एकट्या होत्या. त्यांना ठेवायचं कुठे इथपासून कॉलेजला प्रश्न होता म्हणे. लेकीच्या वर्गात आता बऱ्याच मुली आहेत. परवा फोनवर म्हणाली, "आई, कानस फार बोअर आहे." बडा साबचा प्रतिसाद तिला पाठवतेय.

रिकामटेकडा

अवांतर: मला एक कळत नाही. या अकादम्या आता तळेगावजवळ इंदुरीला, लोणावळ्याला, कर्जतला आहेत. लोणावळ्यात समुद्र पाहायचा तर धुक्यातून ड्यूक्स नोजवर चढावं लागेल.

मालम_७८

रिकामटेकडा, विनोद ठीक आहे, पण इंजिनियरला समुद्र दिसतोच कुठे? तो पाण्याच्या पातळीखाली काम करतो. काही ठिकाणी आवारातच जहाजाचा सांगाडा उभारून त्यात खरं चालणारं इंजिन बसवलंय. माझा आक्षेप जागेला नाही, एजंटांना आहे. शेजारच्या मुलाने एका एजंटला भली मोठी रक्कम दिली, कोर्स झाला, बोट मिळाली नाही. बारावीची मुलं-पालक कुणी वाचत असतील तर संस्था मान्यताप्राप्त आहे का हे जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या यादीत आधी पाहा आणि बोट कोण देणार हे लेखी घ्या.

शंकासूर

माझा मूळ प्रश्न तसाच राहिला. खलाशांसाठी शाळा कधी?

बडा_साब

झाली, स्वातंत्र्यानंतर. कलकत्त्याला 'भद्रा', विशाखापट्टणमला 'मेखला', सौराष्ट्रात नवलखीला 'नौलक्षी', ही खलाशांच्या पूर्वप्रशिक्षणाची जहाजं होती. काही महिन्यांचा कोर्स, मग नळी. कोकणातली कितीतरी पोरं घरापासून इतक्या लांब नवलखीला जाऊन आली. मुंबईला अधिकाऱ्यांची शाळा आणि खलाशांची शाळा कच्छच्या आखाताच्या टोकाला, हा तुमच्या मुद्द्याला मी आयता पुरावा देतोय.

पण एक सांगतो. मी पाच साब, म्हणजे फिफ्थ इंजिनियर, म्हणून पहिल्या बोटीवर गेलो तेव्हा सगळ्यात जास्त मला इंजिन सारंगाने शिकवलं. रत्नागिरीचा माणूस, सही सोडून काही लिहिता येत नव्हतं. पाळीत पहिल्याच रात्री मला म्हणाला, "साब, हात लाव." मी क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद पेटीच्या, दारावर हात ठेवला. "गरम?" मी म्हटलं, नेहमीसारखं. "मग रोज याच वेळेला लाव. ज्या दिवशी वेगळं लागेल त्या दिवशी कळेल." परीक्षेच्या तोंडीला क्रँककेसच्या स्फोटावर हमखास प्रश्न असतो. १९४७ साली 'रेना देल पॅसिफिको' या जहाजावर असाच स्फोट होऊन २८ माणसं गेली आणि त्यानंतर दारांवर दाब सोडणाऱ्या झडपा आल्या, हे मी घडाघडा सांगितलं होतं. पण स्फोटाच्या आधी बेअरिंग तापतं आणि ते हाताला कळतं, हे मला सारंगाने शिकवलं. त्याच्या नळीत कुठल्या शाळेचं नाव नव्हतं.

शंकासूर

आता मी गप्प.

गुहागरची_पोर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. भाच्याला धागा वाचून दाखवला. कानशीचा भाग ऐकून त्याचा चेहरा पडला. मग नळीतला कागद हातात घेऊन बसला. "आगवाला म्हणजे हल्लीचं काय?" म्हणाला. मी म्हटलं, बडा साब म्हणतात हल्ली नाही तसं काही. तर म्हणे, "मग कागदावर तरी राहू दे."

नळी तो हॉस्टेलवर नेणार म्हणतोय. आईने आधी नाही म्हटलं, मग बसलेल्या झाकणाला खोबरेल तेल लावून दिलं.

गलबत

ताई, एक विनंती. कागद लॅमिनेट करू नका. जुना कागद प्लास्टिकात तापवला की पिवळा पडतो आणि परत सुटत नाही. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, सुक्या जागी ठेवा. आणि आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून घ्या.

गुहागरची_पोर

उशीर झाला, गलबत. भाच्याने कालच चिपळूणला नेऊन लॅमिनेट करून आणला. फोटो मात्र आधी काढलाय.